कारंज्यापाशी थांबलेली गाडी

अण्णा,

मी काय काम करते ते तुम्हाला कधी सांगताच आलं नाही. मी नोकरीला लागले तेव्हा तुम्हाला जाऊन काही वर्षं झाली होती. पुण्यात एका कंपनीत परदेशातल्या लोकांसाठी व्हिडिओ गेम बनतात. त्यातल्या मोटारींच्या शर्यती ज्या शहरांतून धावतात, ती शहरं मी बनवते. रस्ते, वळणं, कडेच्या काँक्रीटच्या भिंती, त्यामागच्या इमारती, दुकानांच्या पाट्या. गाड्या बनवणारे वेगळे. या आठवड्यात माझ्याकडे एक चौक आहे आणि त्याच्या मधोमध कारंजं. त्याचं पाणी काही केल्या नीट उडेना, म्हणून सकाळपासून त्याच्याकडेच बघत होते. दुपारनंतर मग माझं कामात लक्षच लागेना.

मला आठवत होतं आपल्या दूध संस्थेचं ऑफिस. तेलगावच्या बाजूच्या खेड्यांतून दुधाचे कॅन गोळा करून शीतकरण केंद्रावर पोचवायचा टेम्पो तुम्ही चालवायचात. संस्था सगळ्या गावाची आणि टेम्पोही संस्थेचाच, पण तुम्हाला विचारल्याशिवाय त्याला कुणी हात लावत नसे. मग पावसानं पाठ फिरवली. विहिरी आटल्या, ऊस उभ्या उभ्या वाळला, जनावरं छावणीत गेली आणि दूध इतकं कमी झालं की टेम्पो काढायचं कारणच उरलं नाही. तो संस्थेच्या दारात कडुलिंबाखाली उभा राहिला. त्याच दिवसांत पुण्याहून तुमच्या मावसभावाचा निरोप आला, शाळेच्या बसवर ड्रायव्हर पाहिजे, लगेच या. आई तयार झाली. मी तर आम्ही पुण्याला चाललो म्हणून वर्गातल्या सगळ्या मुलींना सांगून मोकळी झाले. तुम्ही मात्र निघायचं नाव काढत नव्हतात. धारूरचा घाट भरल्या गाडीनं चढवणारा माणूस शहरात गाडी घालायला भीत होता, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

युक्ती माझी. ऑफिसात दुधाची बिलं काढायला आणलेला कॉम्प्युटर आता रिकामाच असायचा. सचिवकाकांनी त्यावरचा शर्यतीचा गेम मला लावून दाखवला होता. एका दुपारी मी तुम्हाला हाताला धरून त्या खुर्चीत बसवलं. म्हटलं, "अण्णा, हे शहर हाय. इथं चालवून बघा, मंजी पुण्यात भ्या वाटणार न्हाई."

अजून डोळ्यांपुढे आहे. तुम्ही टोपी काढून टेबलावर ठेवता, खुर्ची पुढे ओढता, आरशात बघायला मान वळवता आणि तिथं आरसा नाही म्हणून स्वतःशीच हसता. शर्यत सुटते. बाकीच्या गाड्या भुर्रकन निघून जातात आणि तुम्ही आपले कडेकडेनं, सावकाश.

"पळवा की, अण्णा."

"कावून? घाई त्यान्ला हाय. जाऊ दे." थोडं पुढे गेल्यावर तुम्ही विचारता, "इथली माणसं कुटं गेली गं?"

"शर्यतीसाठी रस्ते बंद केलेत."

"मंग घरातल्यांनी दळण आणाया कुटून जायचं?"

सचिवकाका मागे मोठ्यानं हसले. पण तुम्हाला तो प्रश्न खरोखरच पडला होता. एखादी गल्ली दिसली की तुम्ही गाडी आत घालायला बघायचात, तर तिथं भिंत आडवी. गाडी वळवून मागे निघालात की पडद्यावर लाल अक्षरं चमकायची. मी त्यांचा अर्थ सांगितला, चुकीच्या दिशेला चाललात म्हणून. "गल्ली दिसती, पण जाता येत न्हाई. कसलं शहर म्हणायचं ह्ये?" वरच्या एका गॅलरीत कपडे वाळत घातले होते. तेही तुम्हालाच दिसले. "पाणी हाय बग इथं," तुम्ही म्हणालात. आणि पुढे कारंज्याचा चौक आला तेव्हा तुम्ही गाडी कडेला घेतलीत आणि थांबवलीत. पाणी वर जात होतं, खाली पडत होतं. त्या वेळी आई हापशाच्या रांगेत घागर लावून बसली होती. शर्यत केव्हाच संपली होती.

नंतर मी खेळायला बसले. वळणावर गाडी भिंतीला घासत नेली, की ब्रेक दाबावा लागत नाही, हे मला जमलं होतं. तुम्ही बघत उभे होतात. "घासत कावून नेती?"

"त्यानं येळ वाचतो."

"कुणाचं तरी घर हाय त्ये. मागं माणसं ऱ्हातात." तुम्ही आवाज चढवला नव्हता, पण मी गेम बंद केला.

तुम्ही पुण्याला गेलात. आईनं ट्रंक भरायला काढली, मी वह्या बांधून ठेवल्या. आणि काही दिवसांतच तुम्ही परत आलात. चाचणी पास झाला होतात, शहरभर बस फिरवली होती, भीतीही मोडली होती. आईनं इतकंच विचारलं, "मग काय झालं?"

"काय न्हाई. तिथं रस्त्यावर लई माणूस हाय, पण कुणी हात दाखवीत न्हाई. कुणी इचारीत न्हाई की आज उशीर कावून झाला. दिसभर गाडी चालीवली आन कुटं गेलतो त्येच कळंना."

आई म्हणाली, "आलाव तर आलाव. हात धुवा, भाकरी टाकते." ट्रंक परत माळ्यावर गेली. पुढे तुम्ही पाण्याच्या टँकरवर लागलात. एका रविवारी मला डोंगरातल्या वस्त्यांवर सोबत नेलंत. वळणावळणावर बाया घागरी घेऊन उभ्या, लांबूनच हात वर करायच्या, आणि तुम्ही प्रत्येकीला हॉर्न देत होतात. त्या दिवशी तुमच्याइतका खुशीत माणूस मी पाहिला नव्हता.

मी कॉलेजात असताना तुम्ही दुखण्यानं गेलात. शहरात मी एकटीच आले, नंतर आईला आणलं.

मागे एका शर्यतीच्या शहरात मी एका वळणावर हात वर केलेला माणूस उभा केला होता. भिंतीच्या अलीकडे, डोक्यावर टोपी. साहेबांनी बघितलं आणि सांगितलं, हा काढून टाका, खेळणाऱ्याला वाटेल इथं थांबायचं आहे. मी काढला. त्यांचं बरोबरच होतं. पण त्यानंतर किती तरी दिवस वाटत राहिलं, तुम्हाला एकदा माझ्या खुर्चीत बसवावं. माझ्या शहरातून तुम्ही हळूहळू गाडी न्यावी, मागच्यांना पुढे जाऊ द्यावं आणि जे जे चुकलंय ते मला विचारत राहावं. मला सगळ्याची उत्तरं आली नसती. चाललं असतं.

आई आता आत झोपलीय. मघाशी तिनं विचारलं काय लिहितेस, मी म्हटलं कामाचं आहे. हे तिला वाचून दाखवणार नाही, आणि पाठवायचं तर कुठे. फक्त एक गोष्ट राहिली. तुम्ही पुण्याहून आलात त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत तुमच्याशी बोलले नाही, आणि तुम्हाला वाटलं मी रुसले. रुसले होतेच. पण शाळेतून येताना उंबऱ्याबाहेर तुमच्या चपला दिसल्या, तेव्हा मला इतकं बरं वाटलं, इतकं, की चेहरा सरळ होईपर्यंत मी भिंतीआड उभी राहिले आणि मग आत आले.