रोजा सोडताना दिलेली माफी

कतीफ, सौदी अरेबिया, २० एप्रिल २०२५

लाडक्या आबिदास,

अस्सलामु अलैकुम. मी बरा आहे. तुझी कंबर आता कशी आहे? गावचा अली सुट्टीवर निघालाय, त्याच्याबरोबर खजूर आणि हे पत्र देतोय. फोनवर तुझा नबील शेजारीच बसलेला असतो, त्याच्यासमोर मला बोलता येत नाही.

तू दर फोनला विचारतेस, नुकसानभरपाईचं कुठवर आलं. आबिदा, भरपाई मिळणार नाही. ज्या गाडीने तुझ्या लेकाला उडवलं तिचा विमाच नव्हता, आणि आता ती गाडीही सापडत नाही. मागायचं कुणाकडे?

गाडीवाला पळून गेला असं मी तुला सांगितलं होतं. ते अर्धंच खरं.

रोजा सोडायची वेळ होत आली होती. त्या वेळी इथे सगळे अंगात आल्यासारख्या गाड्या हाकतात. नबील मासळीच्या दुकानातून मशिदीकडे निघाला होता. धडक बसली, तो पडला. गाडीतला पोरगा धावत आला, नबीलच्या डोक्याचा मुका घेतला. रडत म्हणाला, विमा नाही रे, पोलीस आले तर मेलो, माफ कर. तेवढ्यात अजान झाली, तसा त्याने स्वतःच्या हाताने नबीलला खजूर भरवला. आणि आपला हातिमताई म्हणतो, "खलास भाई, मुआफ!" पाय तेव्हा नुसता सुजला होता. पोरगा निघून गेला, माणसं नमाजाला उभी राहिली. नंबर कुणीच पाहिला नाही.

पोलिसांनी त्या माणसांना विचारलं. सगळे खरं तेच बोलले, यानेच माफ केलं म्हणून. वर नबीलची पाठ थोपटली, केवढ्या दिलाचा पोरगा! वकिलानेही मग हात झटकले.

मी दवाखान्यात त्याला वाट्टेल ते बोललो. "अक्कल गहाण टाकली होतीस काय?"

"मामू, त्याच्या हातचा खजूर तोंडात होता. नाही कसा म्हणू? अम्मीच सांगते ना, कुणाशी वाकडं ठेवून रोजा सोडू नये."

तुला दोष देत नाही गं.

होडीला गिऱ्हाईक आलं तर देऊन टाक. नबील येऊन चालवेल म्हणून थांबू नकोस. डॉक्टरांनी खूप खटपट केली, पण पायात रक्तच पोचेना. गुडघ्याखालून काढावा लागला. फोनवर तो छातीपर्यंतच दिसतो, ते त्यासाठी. तुला सांगायचं नाही अशी त्याने मला शपथ घातलीय, ती मी आज मोडली.

पुढच्या महिन्यात त्याला पाठवतोय. विमानतळावर घ्यायला जाशील तेव्हा खाली बघू नकोस. आधी त्याच्या तोंडाकडे बघ, पोटाशी धर. भरपाईचं नाव त्याच्यापुढे कधी काढू नकोस.

तो अजून त्या पोरासाठी दुआ मागतो. मी बाजूला बसून आमीनसुद्धा म्हणत नाही.

ज्याने माफ केलेलं नाही, तो तुझा भाऊ,
नूरुद्दीन