कप्तानांच्या बायकोचा रेशमी पोशाख

११ नोव्हेंबर, मंगळवार दुपार

प्रिय वहिनी,

तुला आणि दादाला नमस्कार. सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट न फोडताच बाजूला टाकू नकोस, एवढी विनंती.

इकडे बरं आहे. दुकान चाललंय. इस्त्रीचा बॉयलर शेवटी मोडीत काढला. फारच खोकायला लागला होता. माझा गुडघा कुरकुरतो, पण हल्ली माळ्यावर चढावं लागत नाही. माळ्यावर आता मी एकही कपडा ठेवत नाही. लोक वर्षानुवर्षांसाठी सोपवून जातात ते कपडे खालच्या कोरड्या खोलीत, लाकडी कपाटात असतात. आधी धुवायचे, कारण न दिसणारा घामाचा डागही पुढे तपकिरी होतो. मग धुतलेल्या मलमलीत गुंडाळायचे, घड्यांत मऊ कागदाच्या वळकट्या, आणि सहा महिन्यांनी जुनी घडी मोडून नवी घालायची. सगळं तू शिकवलेलं. गिऱ्हाइकं कौतुक करतात आणि मी मुकाट्यानं ऐकून घेते.

काय लिहीत बसलेय मी! मुद्द्यावर येते.

गुरुवारी संग्रहालयातल्या एक बाई दुकानात आल्या. म्हणाल्या, "तुमच्या वहिनींनी आमच्या जुन्या वस्त्रांच्या विभागात अर्ज केलाय. हे दुकान का सोडलं विचारलं, तर म्हणाल्या, ते माझ्या नणंदेलाच विचारा."

मी एका कॉलरला ब्रश मारत होते. मी म्हटलं, "तिचा हात फार चांगला आहे हो."

"ते दिसलंच. मी विचारतेय, सोडलं का?"

"आत्ता गडबड आहे. सोमवारी या."

त्या गेल्या आणि मी तासभर एकाच कॉलरला ब्रश मारत राहिले. तुला हवं असतं तर तू तिथंच सगळं सांगून मोकळी झाली असतीस. पण तू माझ्यावर सोडलंस. त्या दिवशी तुझा रागच आला मला. खरं सांगते.

वहिनी, तुला माहीत आहे ते आता मी माझ्या तोंडानं सांगते. तू बाळंतपणाला माहेरी गेली होतीस तेव्हा वरचा नळ फुटला आणि खालच्या खोलीत पाणी आलं. कप्तानांच्या बायकोचा पोशाख तू बांधून ठेवलेली पेटी ओली झाली. पोशाख मी बाहेर काढला, कोरडा आहे असं वाटलं, आणि हाताशी होती त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबला. वर मूठभर डांबरगोळ्या टाकल्या. पिशवी नेऊन ठेवली माळ्यावर, बरोब्बर बॉयलरच्या डोक्यावर. उद्या नीट बांधू म्हटलं. तो उद्या दोन वर्षं आला नाही. बाळामुळे तुला कपाट बघायला सवड नव्हती, आणि मीही तुला काही सांगितलं नाही.

मग कप्तान नातीच्या लग्नासाठी तो न्यायला आले. पिशवी उघडली तेव्हाचा वास अजून माझ्या नाकात आहे. रेशीम पिवळं पडलेलं, आणि घडी उलगडताना बाही कागदासारखी चिरली. कप्तानांनी हात मागे घेतला. कुणी काही विचारायच्या आत मी बोलून गेले, "वहिनीनं बांधलं होतं ते."

तू एवढंच म्हणालीस, "मी प्लॅस्टिक वापरत नाही." आणि दादा सगळ्यांसमोर तुला म्हणाला, "आता निदान कबूल तरी कर." मी तिथंच उभी होते. खरं सांगितलं नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून तू दुकानात पाऊल ठेवलं नाहीस.

शनिवारी कप्तानांकडे गेले. चष्मा काढून त्यांनी सगळं ऐकलं. शिव्या देतील असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाले, "ती दोनदा आली होती माझ्याकडे. चूक माझी नाही, पण बाही जोडून देते, म्हणाली. मी तिच्या तोंडावर दार लावलं. तुझ्या शब्दावर."

हे मला माहीत नव्हतं गं.

सोमवारी त्या बाई आल्या तेव्हा कप्तान आधीच दुकानात खुर्ची टाकून बसले होते. मी सगळं सांगितलं. अडखळले की ते काठी आपटायचे आणि म्हणायचे, "पुढे." बाईंनी लिहून घेतलं, माझी सही घेतली. मी विचारलं, "तिला घेणार ना?" त्या म्हणाल्या, "ते तुम्हाला कळवायचं कारण नाही." बरोबरच आहे.

पोशाख अजून कप्तानांकडेच आहे. बाही जोडता येईल का, हे तुझ्याकडूनच ऐकायचंय त्यांना. मी हात लावायचा नाही, असं बजावलंय. जायचं की नाही ते तू ठरव. नाही गेलीस तरी तुला कुणी बोल लावणार नाही.

दादाला वेगळं पत्र लिहिलेलं नाही. हेच त्याला वाचून दाखव, मोठ्यानं, आणि 'कबूल कर' या शब्दांपाशी जरा थांब. तोही ऐकू दे.

माफी मागायला पाच वेळा वाक्य लिहिलं आणि खोडलं. सहा वर्षं तू जे बदनाम नाव वागवलंस, ते माझं होतं. ते आता मी परत घेतलंय. तुझं तुला कसं परत द्यायचं, ते मात्र मला येत नाही.

खोटं बोललेली,
तुझी नणंद