रविवारचा धूर

ता. ४ मार्च

चि. खारूताईस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तू इंजिनांच्या वर्कशॉपात नोकरीला लागलीस तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली, मी एकट्याने पेढे मागितले. आज त्याची वसुली करतो. आपली शिडाची बोट धूर ओकू लागली आहे. तुझी मामी गेल्यापासून तिचा नियम मी मोडलेला नाही. रविवारची सकाळ झाली की इंजिन चालू झालंच पाहिजे. सर्दी-पडसं असलं तरी मफलर गुंडाळून धक्क्यावर जातो. इतकं करूनही या इंजिनाने मला तोंडघशी पाडावं म्हणजे कृतघ्नपणाची कमाल आहे.

धुराचा रंग काळाच म्हणावा, तर त्यात किंचित जांभळट छटा आहे, कडेला राखाडी आहे आणि उन्हात तो जरा तपकिरी दिसतो. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, पण असा रंग पेटीत सापडला नाही.

शेजारच्या बोटीवरच्या बाईंनी वाळत घातलेल्या चादरींवर काजळी बसली आणि तक्रार बंदरमास्तरांकडे गेली. ते माझेच जुने विद्यार्थी. खाली मान घालून सांगून गेले की महिनाअखेरपर्यंत धूर थांबला नाही तर धक्क्यावरची जागा सोडावी लागेल. जागा गेली की बोट विकणं आलं. मामीचा रेनकोट अजून आत खुंटीला आहे. ही बोट माझ्याच्याने दुसऱ्याच्या हाती देववणार नाही.

तुझ्या आईला यातलं काही कळू देऊ नकोस, ताई लगेच विकून मोकळा हो म्हणेल. उत्तर झटपट पाठव आणि मामावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
मामा

ता. ९ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझं धुराचं वर्णन वर्कशॉपात मोठ्याने वाचून दाखवलं. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. मामा, डिझेल इंजिनाला जांभळट छटा कळत नाही. त्याच्याकडे रंग तीनच. काळा धूर म्हणजे त्याला हवा कमी पडते किंवा ओझं झेपत नाही. निळा म्हणजे तेल जळतंय. पांढरा म्हणजे आत पाणी जातंय किंवा डिझेल न जळताच बाहेर पडतंय. तुझा यातला कोणता, ते एका शब्दात कळव.

हवेचा फिल्टर काढून बघ. धुराबरोबर मागून पाणी नीट पडतंय का तेही बघ, त्या पाण्यानेच इंजिन थंड राहतं. धुरात जुना रुमाल धर आणि त्यावर काय बसतं ते सांग. नवा रुमाल घेशील, तुझा नेम नाही. आणि बोट शेवटची बाहेर कधी काढलीस? डॉक्टरपासून आजार लपवू नये.

आईला काही बोलले नाही. तू वेळेवर जेवतोस का, असं ती विचारत होती. मी हो म्हणून ठोकून दिलंय, तेव्हा कृपा करून जेव.

तुझीच,
खारूताई

ता. १४ मार्च

चि. खारूताईस आशीर्वाद.

एका शब्दात: काळा. फिल्टर स्वच्छ आहे. पाणी पडतं, पण पूर्वीचा जोर नाही. रुमालावर तेलकट काजळी बसली, आणि हो, रुमाल नवाच होता. बोट परवाच दीपगृहापर्यंत नेऊन आणली, झकास पळाली.

माझ्या शब्दांवर तुम्ही लोक हसता, म्हणून सोबत जलरंगातलं चित्र पाठवतो. इंजिन चालू ठेवून धक्क्यावर बसलो आणि समोर दिसलं तसं काढलं. एक रेघ पदरची नाही. बाई शेजारून डोकावल्या आणि धूर छान जमलाय म्हणाल्या, म्हणजे रागाचा पारा जरा उतरला असावा.

महिना अर्धा सरला. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, एवढंच तुला म्हणून सांगतो.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेला,
मामा

ता. १९ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

चित्र मिळालं. धूर हुबेहूब आलाय. पण दोरांवर तू हिरवंगार शेवाळ काढलंयस, आणि ते दोरावरून थेट धक्क्याच्या खुंटापर्यंत गेलंय. बोटीच्या अंगाला पाण्याच्या रेषेशी शिंपल्यांची झालर आहे. परवा दीपगृहाला जाऊन आलेल्या बोटीचे दोर असे नसतात, मामा. तुझ्या पेनाने थाप मारली, कुंचल्याला ती जमली नाही.

मी रागावले नाही. चित्राकडे बघत बराच वेळ रडले, मग कामाला लागले. तू दर रविवारी इंजिन चालू करतोस आणि बोट बांधलेलीच ठेवतोस. डिझेल इंजिनाला असं बसून राहणं मानवत नाही. ते पुरतं तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि काजळी धुराच्या नळीच्या कोपरात साठते. आता तिथे इतकी साठलीय की त्याचा श्वास कोंडतोय. तू हयगय केली असतीस तर एवढं झालं नसतं. न चुकता केलंस म्हणून झालं.

मामीचा नियम तू अर्धाच पाळलास. इंजिन आणि नवरा या दोघांनाही दमवावं लागतं, नाहीतर काजळी धरतात, असं ती म्हणायची. बंदरातल्या मेकॅनिककडून कोपर साफ करून घे, तेल बदल, पाणबुड्याकडून बोटीखालच्या पंख्यावरचे शिंपले खरवडून घे. मग बोट बाहेर काढ आणि तासभर जोरात पळव. मला रजा पुढच्या महिन्यातच आहे, तोवर मुदत संपेल. सुकाणू तुलाच धरावं लागणार.

भीती वाटली तरी जा. तू जाशील या भरवशावर असलेली,
खारूताई

ता. २८ मार्च

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

शेवाळाचं खरं आहे. मामी गेल्यापासून मी दोर सोडलाच नव्हता. सुकाणू तिचं, मी शिडं ओढणारा हमाल. तिच्या जागेवर बसायचं माझ्या जिवावर यायचं.

कोपर साफ केलं तेव्हा आत करंगळी जाईल एवढीही वाट उरली नव्हती. मेकॅनिकने कपाळाला हात लावला. काल सकाळी निघालो. तक्रारवाल्या बाई स्वतःहून बोटीवर चढल्या आणि म्हणाल्या की धूर बघायला मागे कोणीतरी हवंच. बंदराबाहेर पडल्यावर जोर दिला. आधी काळ्या धुराचा लोट निघाला, पाण्यावर काजळीचे ठिपके पडले. बाई मागे तोंड करून बातम्या देत होत्या: दाट आहे, कमी झाला, आणखी कमी झाला. दीपगृहाला वळसा घालेपर्यंत मागे नुसतं पाणी पडत होतं. बंदरमास्तरांनी आज येऊन खात्री केली. जागा राहिली, बोट राहिली.

आता एक गोष्ट फक्त तुला सांगतो. बोट चालली की मी कॅबिनच्या पायरीवर पाठमोरा बसून समुद्र रंगवत असे. मागे ती सुकाणूवर. आम्ही दोघं समुद्र बघतोय अशीच माझी समजूत. काल तिच्या जागेवर बसलो तेव्हा कळलं, तिथून समुद्राच्या आधी माझी पायरी दिसते. इतकी वर्षं ती माझ्या पाठीकडे बघत बोट चालवत होती, आणि मी एकदाही मागे वळलो नाही. मोठ्याने रडलो. बाईंनी धुरावरची नजर हलवली नाही, त्यांचे उपकार.

रजा मिळाली की ये. सुकाणू मी धरतो. तू त्या पायरीवर बस, आणि अधूनमधून मागे वळून बघत जा.

तुझा,
मामा