तक्रारीच्या आधीचा इशारा

सोमवार, ३ मार्च

अनुदान मिळालं. समितीच्या सचिवबाईंनी सकाळी फोन करून सांगितलं. एका तोंडची बातमी लावायची नाही ही डेस्कवरची जुनी सवय, म्हणून माझ्या मार्गदर्शक सरांनाही विचारलं. "खरं आहे," ते म्हणाले. "बुधवारी, बारा तारखेला करारावर सही केलीस की पीएचडी संपेपर्यंत निश्चिंत."

वर्तमानपत्र सोडून चाळिशीत विद्यापीठात आले. तेव्हापासून ताईच्या जिवावर राहतेय. ती रुग्णालयातून ड्यूटी करून आली, तिला चपलाही काढू न देता बातमी सांगितली.

"म्हणजे पाइप गळतोय हे सांगायचे पैसे देतात?"

"लोकांची तक्रार येण्याआधी सांगायचे."

"आपल्या बाथरूमचा नळ दिवाणखान्यापर्यंत ऐकू येतो. त्याबद्दल काही बोललं का तुझं यंत्र?"

मग आत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल.

मंगळवार, ४ मार्च

प्रयोगशाळेत सगळ्यांनी अभिनंदन केलं. चष्मा म्हणाला, "संपादकबाई, आता ती करकरणारी खुर्ची तरी बदला." मी ज्याला चष्मा म्हणते तो शेजारच्या टेबलावरचा हा मुलगा माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहे. नोकरी सोडून आलाय, घरी नुकतीच मुलगी झालीय. हेच अनुदान त्याला गेल्या वर्षी मिळालं, त्यावरच घर चालतं. पाणीखात्याने दुरुस्तीचं पथक कुठे आधी पाठवावं, हे त्याचं संगणकावरचं मॉडेल सुचवतं. माझं गळती ओळखतं. दोन्ही मॉडेलं शिकली एकाच शिदोरीवर — पाइपांतले सेन्सर पाठवतात ते दाबाचे आकडे आणि पाणीखात्याने दिलेल्या जुन्या तक्रारींच्या नोंदी.

माझ्या अर्जातलं एकच वाक्य समितीला आवडलं: तक्रार नोंदली जाण्याच्या काही तास आधी इशारा मिळतो.

गुरुवार, ६ मार्च

समितीच्या पुस्तिकेसाठी फोटो हवेत, म्हणून दुरुस्तीच्या पथकाबरोबर गेले. रस्त्याच्या कडेला चिखल. मुकादमाने झाकण उघडलं, दोघांनी मिळून लांब किल्लीने व्हॉल्व्ह बंद केला. मी कॅमेरा सरळ करतेय तोच खिशातला फोन वाजला. माझ्याच मॉडेलचा इशारा — गळतीची शक्यता, हाच रस्ता!

मी आनंदाने फोन सगळ्यांना दाखवला. मुकादम वाकून बघत म्हणाला, "आम्ही आलोय हे बरं कळलं त्याला."

सगळे हसले. मीही हसले. फोटो चांगले आलेत.

शुक्रवार, ७ मार्च

हसू उतरलंय.

पाणीखात्यात फोन केला, तिथल्या कारकुनाशी बोलले. पाइप फुटला की लोक कार्यालयाला कळवतच नाहीत, थेट मुकादमाच्या मोबाइलवर फोन करतात. पथक जातं, व्हॉल्व्ह बंद करतं, खणतं, जोडतं. परत आल्यावर कारकून तक्रार संगणकात घालतो. वेळ? "आम्ही घालतो तेव्हाची," तो म्हणाला. "संगणक आपोआप टाकतो."

म्हणजे व्हॉल्व्ह बंद झाला की दाब पडतो, आणि माझं मॉडेल तो पडलेला दाब ओळखतं. गळती नाही. तक्रारीच्या आधी इशारा मिळतो, कारण तक्रार नोंदतातच दुरुस्तीनंतर.

दुपारभर जुने इशारे तपासले. बहुतेक सगळे असेच. ज्या गळत्यांकडे पथक दुसऱ्या दिवशी गेलं, तिथे मॉडेलही दुसऱ्या दिवशीच जागं झालंय.

शनिवार, ८ मार्च

सरांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं. चिडले असते तर बरं झालं असतं.

"प्रत्येक मॉडेलला मर्यादा असतात. शेवटच्या प्रकरणात लिही."

"सर, ही मर्यादा नाही. अर्जातलं वाक्यच खोटं ठरतंय."

"अर्ज केलास तेव्हा तुला माहीत होतं का? नव्हतं ना. मग आधी सही कर, पैसे सुरू होऊ देत, मग दुरुस्त कर. दुरुस्तीलाच तर पैसे लागतात."

वाईट माणूस नाही. बोलणं पटण्यासारखंही आहे, तीच पंचाईत.

चष्म्याला सांगणं भाग होतं. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "माझ्याही नोंदी त्याच आहेत."

"म्हणून तर सांगतेय."

"समितीला कळवणार?"

"बघते," म्हणाले. तो बॅग उचलून निघून गेला.

रविवार, ९ मार्च

घरभर फिरले. कपाट आवरलं. आवरलेलं पुन्हा काढलं. ताई म्हणाली, "बस गं एका जागी, तुझ्याकडे बघून मलाच दम लागतोय."

सोमवार, १० मार्च

पत्र लिहिलं. खोडलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांचे खुलासे छापले, चार ओळींत बसायचे. स्वतःच्या चुकीला दोन पानं पुरेनात. शेवटी दोन परिच्छेदांवर आणलं, पण पाठवलं नाही. माझं अनुदान जाईल ते जाईल. त्याच नोंदी म्हटल्यावर समिती चष्म्याचंही काढेल. त्याच्या घरी तान्हं मूल आहे — असं मी स्वतःला दिवसभर सांगतेय. त्यात त्याची काळजी किती आणि माझी किती, कळत नाही.

तो आज आला नाही. फोनही उचलत नाही. रागावलाय.

मंगळवार, ११ मार्च

ताईला सगळं सांगितलं. वाटलं होतं, सही कर म्हणेल. तिने डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं.

"आमच्याकडे चुकीचं औषध दिलं गेलं की आधी डॉक्टरांना सांगायचं, मग रडायचं," म्हणाली. "उलट केलं की गोंधळ होतो."

"मग घरभाडं?"

"आतापर्यंत कोण भरत होतं?"

ती ड्यूटीला गेल्यावर पत्र पाठवलं. चष्म्याला दोन ओळींचा निरोप धाडला: कळवलंय. माफ कर.



बुधवार, १२ मार्च

सही झाली नाही. सचिवबाईंचा फोन आला: दोन्ही अनुदानं निर्णय होईपर्यंत थांबवली आहेत. माझं पत्र कालच मिळालं. याच मजकुराचं एक त्यांना रविवारीही आलं होतं — चष्म्याचं.

त्याला फोन लावला. या वेळी उचलला. मागे बाळ रडत होतं. म्हटलं, मला का नाही सांगितलंस?

"मला वाटलं, तुम्ही नाही कळवणार."

उद्या अकराला समितीने दोघांना बोलावलंय. आधी तो आत जाईल, मग मी.