फ्लोरिसची दुसरी बंदूक

लिडेनबर्ग, ऑगस्ट १९०२

प्रिय बारेंड,

तुला सिलोनहून हिंदुस्थानात, अहमदनगरच्या छावणीत हलवल्याचं कळलं. म्हणजे इंग्रजांनाही तू एका जागी फार दिवस सोसवत नाहीस. मी लग्नापासून सोसते आहे आणि मला कुणी पदक दिलेलं नाही.

घर त्यांनी जाळलं, त्यातून भिंती आणि तुझी ऐरण तेवढी वाचली. मी वर ताडपत्री ताणली आहे. इंग्रजांच्या राजाशी निष्ठेच्या कागदावर सह्या करून कैदी परतू लागलेत. शेजारचा स्टोफेलसुद्धा आला, चांगला जाडा होऊन. तू मात्र ‘मुलाला मारणाऱ्यांच्या कागदावर सही नाही, आणि जो करेल तो माझा कुणी नाही’ म्हणून बसलास. मुलगा गेल्याची बातमी स्टोफेलनेच तुझ्यापर्यंत आणली होती. दालमनुताच्या लढाईनंतर त्याने गवतात फ्लोरिसची बंदूक पाहिली, दस्त्यावर नाव कोरलेली. बोअर माणूस बायकोला विसरेल, पण बंदूक टाकून जाणार नाही. तेव्हा सगळ्यांनी मिळून पोराला मेलेला ठरवलं. मीही काळे कपडे शिवले.

तहानंतर आपल्या लोकांनी खाली ठेवलेल्या बंदुकांचा ढीग चर्चच्या तबेल्यात पडला आहे. लेफ्टनंट पेलम म्हणून एक साहेब त्यांची वर्गवारी करतो. माउझर बंदुका त्याला ओळखता येतात. बाकीच्यांपाशी गाडी अडते. त्याने गावातल्या बंदूक दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. तो अहमदनगरला, म्हणून त्याची बायको गेली. मोबदला कॉफी. खरी, भाजलेल्या रताळ्याची नव्हे.

पोर्तुगीजांच्या गेदेस बंदुकीला तो मोडकी इंग्रजी मार्टिनी म्हणत होता. मी म्हटलं, “मोडकी नाही साहेब, एका वेळी एकच गोळी घेते. आमच्या सरकारला स्वस्त दिसलं की मोह आवरत नसे.” मग नॉर्वेची क्राग हातात घेऊन म्हणाला, “बाई, हिची कूस उघडी पडली आहे.” म्हटलं, “ते दार आहे. गोळ्या तिथून भरतात. माझ्या मुलाकडे हीच होती. माउझर वाटून संपल्यावर तो रांगेत पोचला, नेहमीसारखा.” साहेबाने चहाचा पेला माझ्यापुढे सरकवला. बरा माणूस आहे, चहा मात्र भयंकर करतो.

शेवटी इंग्रजांच्याच ली-मेटफर्ड निघाल्या. “या मला ओळखता येतात,” तो म्हणाला. मी तरी चाळल्या. एकीच्या दस्त्यावर फ्लोरिस असं कोरलेलं आणि खाली तुमच्या घराण्याचं साळिंदर, जे तुझ्या काय, त्याच्या काय, हातून डुकरासारखंच होतं. बारेंड, मी तबेल्यातल्या गवतात बसले ते बसलेच. क्रागच्या गोळ्या संपल्या की ती नुसती काठी, आणि इंग्रज तर वाटभर काडतुसं सांडत चाललेले. पोराने आपली टाकली, त्यांची उचलली. युद्धाच्या शेवटी आपल्यातला जो तो इंग्रजी बंदूक मिरवत होता. पण ती घेताना जुनी कुठेतरी टाकावी लागते, एवढं एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही.

स्टोफेलला गाठलं. म्हणाला, “अलेटा, मी बंदूक पाहिली म्हणालो. प्रेत पाहिलं असं कुठे म्हणालो?” त्याला मी कॉफी दिली नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते. बंदुका ठेवणाऱ्यांच्या यादीत साहेबाला त्याचं नाव सापडलं: फ्लोरिस मिडलबर्गच्या इस्पितळात तापाने पडला होता. मी बैलगाडी घेऊन गेले आणि त्याला आणला. ताडपत्रीखाली झोपतो, माझ्याही वाटणीची मक्याची पेज खातो. बाबांना लिही म्हटलं, तर म्हणतो, “आई, मी सापडलो एवढंच कळव. सही केली ते नको.” बंदूक ठेवताना त्याच्यापुढे तोच कागद सरकवला होता, आणि त्याने सही केली. तुझं ते ‘माझा कुणी नाही’ हे वाक्य स्टोफेलने त्याला शब्दन् शब्द ऐकवलं आहे. आता पोरगा रस्त्याकडे बघत बसतो. तू येशील म्हणून घाबरतो आणि येणार नाहीस म्हणूनही. मी मुद्दाम दोन्ही कळवलं. सही कर, बारेंड. राजाला शिव्या घालायच्या त्या इथे येऊन घाल. आम्ही दोघं ऐकतो.

तुझीच, आणि तुझ्याइतकीच हट्टी,
अलेटा