मुक्याच्या आवाजाची तक्रार

ती. ताईस, इतक्या लांबून वाकून नमस्कार.

मी वेळेवर जेवतो, काळजी करू नकोस. भाऊजींचा गुडघा कसा आहे?

इथली माणसं फार सभ्य. बसमध्ये धक्का लागला तर दोघंही माफी मागतात आणि पुन्हा मोबाईलमध्ये तोंड घालतात. लिफ्टमध्ये रोज 'कसे आहात?' विचारतात आणि उत्तर यायच्या आत बाहेर पडतात.

आई गेल्याचा तुझा फोन आला, त्या दुपारी मी खोलीत रडलो. पाचेक मिनिटं असतील. संध्याकाळी दाराखाली चिठ्ठी सापडली. खालच्या मजल्यावरच्या बाईंची. 'कृपया आवाज कमी ठेवावा.' शेवटी हसरा चेहराही काढला होता. म्हणजे बाई जिना चढून दारापर्यंत आल्या, चिठ्ठी सरकवली, पण दार काही वाजवलं नाही. असली सभ्यता काय जाळायची आहे?

आता रडू आलं की मी आधी नळ सोडतो.

हे पत्र आईच्या फोटोपुढे मोठ्याने वाच. जन्मभर ती म्हणायची, "अरे मुक्या, तोंड उघड की जरा!" मुक्याच्या आवाजाची तक्रार आली, हे तिला कळायला हवं.

तुझा धाकटा,
मुक्या