पहिला नकार

३ फेब्रुवारी, सोमवार

हाजी मुतवल्लींनीही दुकानावरची आमच्या ॲपची पाटी काढली! अलेक्झांड्रियाच्या सीदी बिश्र भागातला हा अकरावा किराणावाला. पाटीच्या जागी ‘वमीद’ या नव्या डिलिव्हरी कंपनीचा निळा बोर्ड. मी दारात उभी, तर म्हातारा नजर मिळवेना. “पोरी, ते घरपोच फुकट देतात. मी एकटा भांडून काय करू?” वर जैतुनांची पुडी हातात कोंबली. घेतली. काय करणार!

वमीदकडे आखाती पैसा आहे. वर्षभर तोटा सोसतील, सगळ्यांना संपवतील, मग भाव वाढवतील. हे शेंबडं पोरही सांगेल. पण तोवर आम्ही कुठे असू? आमच्याकडे आहे काय — बावीस डिलिव्हरीवाले आणि एक युक्ती. गिऱ्हाईक बाल्कनीतून दोरीने टोपली सोडतं, आमचा माणूस ती खालीच भरतो. जिने चढायला नकोत, म्हणून फेऱ्या जास्त. ॲपचं नावही ‘सबत’ — म्हणजे टोपलीच. रमजान तोंडावर आलाय. या बावीस घरांत चूल पेटती राहिली पाहिजे, बाकी मला काही नको.

९ फेब्रुवारी, रविवार

देव देतो आणि कर्म नेतं!

वमीदचा इथला प्रमुख स्वतः आला. झियाद नाव. जन्म अलेक्झांड्रियातलाच, पण वाढला कॅनडात. चहा विचारला, तर पहिल्या फटक्यात ‘हो’ म्हणाला. तिथेच ओळखायला हवं होतं!

म्हणाला, सबत आम्हाला विका, तुमचे सगळे डिलिव्हरीवाले नोकरीत राहतील. मला तर हेच हवं होतं. आणि तोंडातून काय निघालं? “छे हो, अल्लाहच्या कृपेने आमचं उत्तम चाललंय.”

पहिलं ‘नको’ म्हणजे का नकार असतो! आई तर शेजारणीकडे सरबतसुद्धा तिसऱ्या आग्रहाला घेते. पहिल्याच बोलावण्याला पानावर बसतो तो अधाशी, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. आता तो म्हणेल, ‘असं कसं, वल्लाही!’ — अल्लाहची शपथ घालून आग्रह करेल. मग मी जरा आढेवेढे घेईन, मग जमेल. मी मनात मांडे खात बसले. त्याने लॅपटॉप मिटला. “तुमच्या निर्णयाचा मला आदर आहे.” हात मिळवला आणि गेला.

मेधत — माझा भागीदार, ॲप सगळं त्याच्याच हातचं — दाराकडे बघत राहिला. “जिन्यातून परत येईल,” म्हणाला. आम्ही दोघं वाट बघत बसलो. चहा गार झाला.

१० फेब्रुवारी

फोन नाही.

१२ फेब्रुवारी

नाही. शेवटी आईला सांगितलं. ती म्हणते चूक त्याचीच, आग्रह करत नाही तो कसला माणूस! बरोबर आहे तिचं. पण काय उपयोग?

१७ फेब्रुवारी, सोमवार

आमच्या जुन्या गिऱ्हाईक, पाचव्या मजल्यावरच्या इन्शिराह मॅडमनी हौसेने वमीदवर सामान मागवलं आणि सवयीने टोपली सोडली. त्यांचा माणूस खालून हाका मारतोय — खाली येऊन सही करा! अर्धा तास टोपली लोंबकळत. शेवटी आमचा डिलिव्हरीवाला बदवी तिथून जात होता, त्याने ती भरून दिली. माल त्यांचा, हात आमचा! ऑफिसात सगळे पोट धरून हसलो.

मग बदवीने हळूच विचारलं, “ईदपर्यंत आपण आहोत ना, मॅडम?” मी हो म्हटलं. चक्क खोटं. ईद मार्चअखेरीला, आणि पैसे अर्धा मार्चही पुरत नाहीत. त्याच्याकडे बघवेना मला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

गेले झियादकडे. त्याने कॉफी विचारली. मी — मूर्ख बाई! — ‘नको’ म्हणाले. तासभर कोरड्या घशाने बसले.

मग मन घट्ट करून सांगून टाकलं, “मला विकायची आहे.” इतकं उघडंवाघडं वाक्य मी आयुष्यात बोलले नव्हते. तो ओशाळला. म्हणाला, आता वरचे तयार नाहीत, त्यांना वाटतं तुम्ही आपोआपच बंद पडाल. त्याच्या हातात एवढंच होतं: मी महिनाअखेरीच्या आत सबत बंद करायची, तो बावीसही माणसं घेईल.

त्याने एकदाच विचारलं. मी एकदाच ‘हो’ म्हणाले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

बंद केलं. मेधतने कळ दाबली. पुसलं मात्र काही नाही, तेवढं माझ्याने होणार नाही म्हणाला.

संध्याकाळी बदवी निळं जाकीट दाखवायला आला. बाह्या लांब होत होत्या. छान दिसतंय म्हटलं. त्याची पाठ वळल्यावर रडले. पाच वर्षं! आणि एका भलत्या ‘नको’पायी गेली.

१ मार्च, शनिवार. पहिला रोजा.

वमीदने देश सोडला, इथला धंदाच बंद! सकाळी सगळ्यांच्या फोनवर दोन ओळी, बस्स. झियादलाही त्यातूनच कळलं.

दुपारी त्याचा फोन. बावीसही माणसं त्याच्या दारात उभी होती. “सबत पुन्हा सुरू करता येईल का? यांना परत घ्याल का, आणि जमलं तर मलाही?”

“छे हो,” मी म्हणाले, “आता कुठलं जमतंय!”

फोन मात्र ठेवला नाही.

“असं कसं, मॅडम,” तो म्हणाला. “वल्लाही, मी पुन्हा विचारतोय.”